पेढीसाठी सोपे सॉफ्टवेअर : निवड कशी करावी?

व्यापाऱ्याच्या घरी देवघराच्या खालोखाल जपली जाणारी वस्तू कोणती, असे कोणी विचारल्यास ‘चोपडी’ हेच उत्तर द्यावे लागेल. लाल कापडी पुठ्ठ्याची ही चोपडी पिढ्यान् पिढ्या आपल्या पेढ्यांवर नांदली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढावयाचे, शुभ-लाभ लिहावयाचे आणि नव्या वर्षाची कीर्द सुरू करावयाची, हा रिवाज आजही अनेक घरी पाळला जातो. मात्र पूजा आटोपल्यावर ती चोपडी कपाटात जाते आणि खरे हिशेब संगणकावर लिहिले जातात, हेही तितकेच खरे आहे.

या संगणकावर हिशेबाचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न मालक स्वतः क्वचितच सोडवितो. तो दिवाणजींना विचारतो, अभियंता झालेल्या पुतण्यास विचारतो, अगर आपल्या कर-सल्लागारावर सोपवितो. प्रस्तुत लेखकाने बेळगावात कर-सल्लागाराचा व्यवसाय करीत असता ही जबाबदारी अनेकदा पत्करली आहे. अशिलाची मागणी बहुधा एकच असते : ‘सोपे असेल ते बघा.’ मागणी रास्त आहे. परंतु ‘सोपे’ या शब्दाचा अर्थ लावण्यात लेखकाच्या हातून एकदा मोठी चूक घडली. ती येथे मोकळेपणाने सांगितल्यास व्यापारी बंधूंस तिचा काही उपयोग होईल, अशी आशा वाटते.

एका चुकीची हकीकत

२००४ सालची गोष्ट. रविवार पेठेतील एका घाऊक पेढीच्या मालकांनी हिशेब संगणकावर नेण्याचे ठरविले. वयामुळे व घरोब्यामुळे आम्ही त्यांना काका म्हणत असू. पेढीचे दिवाणजी साठीकडे झुकलेले, आणि मराठीखेरीज अन्य भाषेत हिशेब लिहिण्याची त्यांस सवय नव्हती. एका लहानशा कंपनीचा विक्रेता आला. त्याचा प्रोग्राम मराठीतून चाले. पडद्यावरील कीर्द थेट चोपडीसारखी दिसे. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. दिवाणजींनी अर्ध्या तासात पहिली नोंद केली. किंमतही बेताची होती. लेखकाने संमती दिली आणि पुढे तेरा वर्षे सारे सुरळीत चालले.

नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने प्रोग्रामास एक कुलूप दिले होते. प्रिंटर जोडावयाच्या जागी अंगठ्याएवढी एक डबी लावल्याखेरीज हिशेब उघडत नसे. मराठी अक्षरेही कंपनीने आपल्या खाजगी फाँटात साठविली होती. पडद्यावर ‘जमा’ दिसे, परंतु आत इंग्रजी अक्षरांची भलतीच जुळणी असे. या दोन्ही गोष्टी लेखकास ठाऊक होत्या. त्यांचा अर्थ मात्र उमगला नव्हता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यासाठी प्रोग्राममध्ये बदल हवा होता, तो कंपनीचा दूरध्वनी लागेना. चौकशीअंती कळले की तिने आपले कामकाज केव्हाच गुंडाळले आहे. त्याच पावसाळ्यात पेढीचा जुना संगणक बिघडला. नव्या संगणकास ते कुलूप लावावयाची जागाच नव्हती. जुन्या फायली कशाबशा उघडल्या, तेव्हा आसामींच्या नावांच्या ठिकाणी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसल्या. तेरा वर्षांची खतावणी डोळ्यांदेखत मुकी झाली.

दोन महिन्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाशी येणे बाकीवरून वाद निघाला. त्यांचे म्हणणे, रक्कम चुकती केली आहे. काकांचे म्हणणे, दोन हप्ते राहिले आहेत. दोघेही सचोटीचे आणि दोघांचीही भिस्त केवळ स्मरणावर. पूर्वी असा प्रसंग आला की चोपडी उघडून पानावर बोट ठेवले जाई आणि वाद मिटे. या वेळी बोट ठेवावयास पानच नव्हते. काकांनी रक्कम सोडून दिली. ‘पैशाचे एवढे नाही, पण चाळीस वर्षांचा संबंध संशयावर तुटला,’ एवढेच ते म्हणाले. लेखकास त्यांनी दोष दिला नाही. म्हणूनच तो अधिक लागला.

सोपे म्हणजे कोणास, आणि केव्हा?

विचार करता असे दिसते की सोपेपणा तीन प्रकारचा असतो : सुरुवातीस सोपे, रोजच्या वापरास सोपे आणि सोडून जाण्यास सोपे. विक्रेता आपल्याला पहिला प्रकार दाखवितो. दुसरा सहा महिन्यांनी कळतो. तिसऱ्याची आठवण गरज पडेपर्यंत कोणासही होत नाही. आम्ही घरात शिरावयाची वाट पाहिली, बाहेर पडावयाची पाहिलीच नाही.

यावरून जुनी चोपडीच बरी होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्यापैकी काहींच्या घरी पणजोबांच्या चोपड्या मोडीत लिहिलेल्या आहेत आणि मोडी वाचणारे आज विरळा. म्हणजे कागदही मुका होऊ शकतो. फरक इतकाच की मोडी ही सर्वांची लिपी होती, म्हणून तिचे जाणकार शोधल्यास अजून सापडतात. एका कंपनीची खाजगी लिपी मात्र कंपनीबरोबरच मरते. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीस आणि कन्नडसही स्थान मिळाले. युनिकोडात लिहिलेले नाव कोणत्याही आधुनिक संगणकावर वाचता येते. आपल्या सीमाभागात एका गिऱ्हाइकाचे नाव मराठीत तर दुसऱ्याचे कन्नडमध्ये असते. तेव्हा ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे.

रोजच्या वापरातील सोपेपणा कसा जन्मास येतो, याचे उदाहरण व्यापारी घराण्यातच सापडते. श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्यांना व कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. मनाजोगते हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलास, भरत गोयंका यांस, त्यांनी ते तयार करण्यास सांगितले. त्यातून १९८६ साली बंगळुरात कंपनी उभी राहिली आणि पुढे तिचे ‘टॅली’ देशभर पसरले. त्या काळच्या हिशेबी प्रोग्रामांत खात्यास सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत होती आणि ते क्रमांक लेखनिकास पाठ करावे लागत. टॅलीत खाते नावाने लिहिता येऊ लागले, जसे ते चोपडीत लिहीत आलो तसेच. भरत गोयंका यांस २०२० साली पद्मश्री मिळाली. येथे बोध एवढाच घ्यावयाचा की ज्याच्यासाठी वस्तू करावयाची त्याची बैठक व सवय कर्त्याने जवळून पाहिली होती. दुसऱ्यासाठी निवड करणाऱ्यानेही तेच करावयास हवे. म्हणून मालकाच्या खोलीत बसून प्रात्यक्षिक पाहू नये. ते दिवाणजींच्या जागेवर आणि दिवाणजींच्या हातून करवावे.

सीमेवरील पेढीची कसोटी

प्रात्यक्षिकात विक्रेता आपली तयार बिले दाखवितो. आपण मात्र पेढीवरील खरी बिले पुढे करावीत. बेळगावच्या पेढीसाठी लेखक तीन बिले काढावयास सांगतो : एक खानापूरचे, दुसरे चंदगडचे, तिसरे फोंड्याचे. अंतरे थोडी, पण राज्ये तीन. करनोंदणीचा क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. खानापूरच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर केंद्राचा व राज्याचा असे कराचे दोन भाग लागतात, तर चंदगड अगर फोंड्याच्या बिलावर एकात्मिक कर लागतो. हा भेद प्रोग्रामने गिऱ्हाइकाच्या नोंदीवरून आपण होऊन ओळखावा. तो लेखनिकाच्या लक्षावर सोडल्यास गर्दीच्या दिवशी चूक ठरलेलीच. कर चुकीच्या सदरात भरला गेला, तर तो योग्य सदरात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो, आणि तोवर भांडवल अडकून राहते. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरील करपात्र मालास ई-वे बिल लागते, हेही त्याच वेळी पडताळावे. ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले आहे. ज्यांची उलाढाल त्या घरात जाऊ पाहत आहे त्यांनी ती सोय आधीच पाहून ठेवावी.

आणखी एक गोष्ट. चोपडीत खाडाखोड करू नये, चूक झाल्यास उलट नोंद करावी, असा आपल्या वडीलधाऱ्यांचा दंडक होता. आता कायद्यानेही त्यास दुजोरा दिला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती व्यवस्था बंद करता येता कामा नये. भागीदारीच्या अगर एकट्याच्या पेढीस हा नियम लागू नाही. तथापि जेथे चार हात एका खतावणीवर काम करतात, तेथे ही सोय मागून घेण्यात शहाणपण आहे. त्यामुळे चोर सापडतो हा दुय्यम लाभ. निर्दोष माणसावरील संशय टळतो, हा मुख्य.

बाहेरची वाट आधी पाहावी

वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावयाचे असतात. कंपन्यांस २०१३ च्या कायद्याने आठ वर्षांचे बंधन आहे. एवढ्या काळात संगणक बदलतो, विक्रेता बदलतो, कधी कंपनीच राहत नाही. म्हणून लेखक आता खरेदीपूर्वीच एक परीक्षा घेतो. दहा आसामी मराठीत व कन्नडमध्ये लिहावयाचे, वीस नोंदी करावयाच्या आणि सारी खतावणी साध्या एक्सेल फायलीत बाहेर काढून, तो प्रोग्राम नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडावयाची. नावे व रकमा जशाच्या तशा वाचता आल्या, तरच पुढील बोलणे. विक्रेता ‘ती सोय पुढे करून देऊ’ म्हणाला, तर नम्रपणे निरोप द्यावा.

आजकाल अनेक कंपन्या हिशेब आपल्याकडील संगणकावर ठेवून वार्षिक वर्गणी घेतात. ही पद्धत वाईट नाही. पेढीस आग लागली अगर पूर आला तरी हिशेब वाचतो. परंतु वर्गणी थांबल्यास जुनी पाने निदान वाचावयास तरी मिळतील काय, हे लेखी विचारून घ्यावे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीच्या ‘ईआरपीनेक्स्ट’सारख्या काही प्रणाली खुल्या आहेत, त्यांची अंतर्गत रचना कोणासही पाहता व वापरता येते. कर्ता उद्या नसला तरी दुसऱ्याच्या हातून त्या चालू राहू शकतात. मात्र त्यांस जाणकार हात लागतो. तो जवळ नसेल, तर लहान पेढीने केवळ खुलेपणावर भुलू नये.

काकांच्या पेढीवर २०१८ साली नवी प्रणाली आली. जुन्या छापील उताऱ्यांवरून दिवाणजींनी जमेल तेवढी बाकी पुन्हा लिहून काढली. आता काकांचा नातू दरवर्षी मार्चअखेर हिशेब बंद झाल्यावर संपूर्ण खतावणीच्या दोन प्रती काढतो. एक फाइल घरी ठेवतो आणि दुसरी छापून लाल कापडात बांधतो. दिवाळीत कोऱ्या चोपडीशेजारी ती बांधलेली खतावणीही पूजेस मांडली जाते. पूजा आटोपली की काका ती मधूनच कोठेतरी उघडतात, एका ओळीवर बोट ठेवतात आणि नाव व बाकी मोठ्याने वाचतात. वाचता आले, की मग प्रसाद वाटतात.