दुपारच्या मालिकेचें स्थलांतर

अमेरिकेंत ज्याला 'सोप ऑपेरा' म्हणतात त्या कथाप्रकाराविषयीं सुशिक्षित माणसानें आस्थेनें बोलणें म्हणजे स्वतःची अभिरुचि उघडी पाडणें, असा समज तिकडेही आहे आणि आपल्याकडेही आहे. मी या प्रकाराचा चाहता आहें, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे पुढील विवेचनांत कोणाची बाजू घेतली जात आहे याविषयीं कोणास संशय राहणार नाहीं. पन्नास-साठ वर्षें टेलिव्हिजनवर नांदलेल्या या मालिकांपैकीं कांहीं अलीकडे इंटरनेटवर राहावयास गेल्या, किंवा खरें म्हणजे त्यांना तिकडे धाडण्यांत आलें. या प्रवासांत काय शाबूत राहिलें आणि काय वाटेंत सांडलें, हा आजचा विषय.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. १९३० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत शिकागो येथील डब्ल्यूजीएन या रेडिओ केंद्रावरून 'पेंटेड ड्रीम्स' नांवाची एक कौटुंबिक मालिका सुरू झाली. तिच्या लेखिका अर्ना फिलिप्स या पूर्वीं शाळेंत शिकवीत असत. ही गोष्ट मला, एका निवृत्त शाळामास्तराला, विशेष गोड वाटते. दुपारच्या वेळीं घरांत असणार त्या गृहिणी, आणि गृहिणींना विकावयाचा तो साबण. म्हणून अशा मालिकांचा खर्च साबणाच्या कारखानदारांनीं उचलला. लोकांनीं थट्टेनें त्यांस 'साबणाचें संगीत नाटक' म्हटलें आणि थट्टेंतलें तें नांवच पुढें रूढ झालें.

मालिकांची घडण त्या दुपारींच ठरून गेली. ऐकणारी बाई हातांत काम घेऊन ऐके. भांडीं घासतां घासतां एखादें वाक्य निसटलें तर कथेचा धागा तुटूं नये, म्हणून महत्त्वाची बातमी एक पात्र दुसऱ्यास सांगे, दुसरें तिसऱ्यास सांगे, आणि दुसऱ्या दिवशीं तिसरें पुन्हां पहिल्याकडे येऊन तिची चर्चा करी. सोमवारीं आलेलें पत्र गुरुवारीं फोडलें जाई. शुक्रवारीं मात्र असें कांहीं घडे कीं, ऐकणारीला पुढचे दोन दिवस जड जावेत. टीकाकार यालाच पाल्हाळ म्हणतात. परंतु कीर्तनकार पूर्वरंगांतील मूळ पदावर उत्तररंगाच्या शेवटीं पुन्हां येतो, त्यास आपण पाल्हाळ म्हणत नाहीं. ज्या श्रोत्याचें अर्धें लक्ष संसारांत गुंतलेलें आहे त्याच्यासाठीं रचलेली ही कथा आहे, आणि तिचा संथपणा हेंच तिचें यंत्र आहे.

इंटरनेटवरील स्थलांतर हें या मालिकांचें पहिलें स्थलांतर नव्हे. अर्नाबाईंचीच 'द गाइडिंग लाइट' ही मालिका २५ जानेवारी १९३७ रोजीं रेडिओवर सुरू झाली आणि ३० जून १९५२ रोजीं टेलिव्हिजनवर आली. परंतु टेलिव्हिजनवर आली म्हणून रेडिओवरची बंद केली नाहीं. १९५६ पर्यंत, म्हणजे तब्बल चार वर्षें, तीच कथा दोन्ही ठिकाणीं चालू होती. नटनट्या एकाच दिवशीं दोनदां उभ्या राहत, एकदां ऐकणाऱ्यांसाठीं व एकदां पाहणाऱ्यांसाठीं. ज्यांच्या घरीं नवें यंत्र आलें होतें त्यांनीं पाहावें, ज्यांच्या घरीं तें नव्हतें त्यांनीं ऐकावें. जुन्या घराचें दार उघडें ठेवून हळूहळू बिऱ्हाड हलवावें तसा तो प्रकार होता. ती मालिका पुढें १८ सप्टेंबर २००९ रोजीं संपली. रेडिओ धरून बहात्तर वर्षें! आपल्या 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले तेव्हां आपण तोंडांत बोट घातलें होतें. पण तिचें आयुष्य अकरा वर्षांचें होतें.

इतकीं वर्षें चालणाऱ्या कथेंत एक असें कांहीं घडतें कीं, जें कादंबरींत किंवा चित्रपटांत घडूं शकत नाहीं. तिच्यांतील माणसें पाहणाऱ्यांबरोबर वयानें वाढतात. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ही मालिका ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं एनबीसीवर सुरू झाली. वाळूचें घड्याळ ही तिची खूण. तिच्यांत सुझन सीफोर्थ ही नटी १९६८ मध्यें आली आणि बिल हेज हा नट १९७० मध्यें आला. १९७४ सालीं दोघांनीं खरोखरच लग्न केलें, आणि १९७६ मध्यें मालिकेंतील डग व जूली यांचेंही लग्न लागलें. त्याच वर्षीं 'टाइम' साप्ताहिकानें त्या जोडप्याचें चित्र मुखपृष्ठावर छापलें. बिल हेज १२ जानेवारी २०२४ रोजीं अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं वारला. या मालिकेचें चित्रण कित्येक महिने आधीं होत असल्यामुळें, तो गेल्यावरही कांहीं काळ डग पडद्यावर हिंडत-बोलत होता. ज्या बाईनें तरुणपणीं त्याचें लग्न पाहिलें तिनेंच म्हातारपणीं त्याचा निरोप घेतला. हें नातें आहे. यास केवळ करमणूक म्हणणें मला तरी जमत नाहीं.

आणि हें नातें ठराविक वेळेवर उभें असतें. १९८१ च्या नोव्हेंबरांत 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेंत ल्यूक व लॉरा यांचें लग्न लागलें, तें सुमारें तीन कोटी लोकांनीं पाहिलें. दिवसाढवळ्या, कामाच्या वेळीं, तीन कोटी! प्रत्येकास ठाऊक होतें कीं, आपण पाहतों आहों त्याच क्षणीं शेजारीणही पाहत आहे. दुसऱ्या दिवशीं कुंपणापाशीं उभें राहून बोलावयास विषय तयार.

मग हें वैभव ओसरलें कसें? स्त्रिया नोकरीस बाहेर पडल्या, तेव्हां दुपारीं घर रिकामें झालें. केबलच्या अनेक वाहिन्या आल्या. १९९५ सालीं ओ. जे. सिम्प्सन या खेळाडूवरील खुनाच्या खटल्याचें थेट प्रक्षेपण महिनोन् महिने चाललें व त्यापायीं दुपारच्या मालिका वारंवार बाजूस सारल्या गेल्या. कांहीं प्रेक्षकांची सवय तेथें मोडली ती मोडलीच. शिवाय रोज एक नवें नाटक रचण्यापेक्षां चार माणसें टेबलाभोवतीं बसवून गप्पा मारविणें पुष्कळ स्वस्त पडतें. १९७० च्या सुमारास अशा मालिका दीड डझनाच्या घरांत होत्या. २०१२ च्या आरंभीं चारच उरल्या.

त्या वेळीं बंद पडलेल्यांपैकीं दोन मालिकांची हकीकत सांगण्यासारखी आहे. ॲग्नेस निक्सन यांनीं निर्मिलेल्या 'वन लाइफ टु लिव्ह' (१९६८) आणि 'ऑल माय चिल्ड्रेन' (१९७०) या मालिका बंद करण्याचें एबीसीनें २०११ च्या एप्रिलांत जाहीर केलें. चाहते खवळले. हूव्हर ही झाडलोटीचीं यंत्रें करणारी कंपनी तर आपल्या जाहिराती काढून घेऊन चाहत्यांच्या बाजूस उभी राहिली. साबणवाल्यांनीं जन्मास घातलेल्या प्रकारासाठीं केरवाल्यांनीं भांडावें, यांत एक न्याय आहे! तरीही दोन्ही मालिका बंद पडल्या. एकीच्या जागीं स्वयंपाकाच्या गप्पा आल्या, दुसरीच्या जागीं देह व राहणी सुधारण्याचा कार्यक्रम आला. तो दुसरा कार्यक्रम २०१२ मध्यें गाशा गुंडाळून गेला, हें नमूद करतांना मला वाईट वाटत नाहीं.

'प्रॉस्पेक्ट पार्क' नांवाच्या कंपनीनें दोन्ही मालिकांचे हक्क घेतले आणि २९ एप्रिल २०१३ रोजीं त्या इंटरनेटवर अवतरल्या. चाहत्यांस आनंद झाला, मलाही झाला. पण आतां भाग अर्ध्या तासाचे होते. आरंभीं आठवड्यास चार नवे भाग येत. महिना होतो न होतो तोंच ते दोनवर आले. कारण असें देण्यांत आलें कीं, इंटरनेटवरचा प्रेक्षक रोजच्या रोज पाहत नाहीं, सवडीनें एकदम पाहतो, आणि त्यास मागें पडल्यासारखें होतें. मला वाटतें, हें कारण खरें असावें, आणि म्हणूनच तें अधिक गंभीर आहे. पाच भाग एका बैठकींत पाहणाऱ्यास तीच बातमी पांचदां ऐकावी लागते. भांडीं घासणारीसाठीं केलेली सोय त्याला जाच वाटते. उलट आठवड्यांतून दोनदांच भेटणारी मालिका ही रोजची सोबत राहत नाहीं, पाहुणी होते. त्यांत पैशाची अडचण होती आणि एबीसीशीं कोर्टकज्जाही चालू होता. त्याच वर्षीं दोन्ही मालिका थांबल्या, आणि २०१४ च्या मार्चमध्यें कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला.

यापुढचें पाऊल २०२२ सालीं पडलें, आणि तें 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' या मालिकेचें होतें. ३ ऑगस्टला एनबीसीनें जाहीर केलें कीं, ही मालिका आतां टेलिव्हिजनवर दिसणार नाहीं. ती 'पीकॉक' या इंटरनेटवरील सेवेंत वर्गणीदारांस दिसेल. शुक्रवार ९ सप्टेंबरपर्यंत ती जुन्या घरांत होती, सोमवार १२ सप्टेंबरपासून नव्या घरांत. सूचना अवघी चाळीस दिवसांची. १९५२ च्या स्थलांतराशीं ताडून पाहा: तेथें दोन्ही दारें चार वर्षें उघडीं होतीं, येथें शनिवार-रविवारांत जुन्या दारास कुलूप पडलें.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन न्यू जर्सींत गेली त्यास आतां तीस वर्षें होऊन गेलीं. तिकडचें बोलीभाषेंतलें इंग्रजी आपण या मालिकेवरून शिकलों, असें ती सांगते. मीही त्याच सुमारास इकडे स्टार टीव्हीवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' पाहूं लागलों होतों; तेव्हां आमच्या पत्रांत आप्तांच्या कुशलाखालोखाल या मंडळींचें कुशल असे. तिच्या शेजारीं एक वृद्ध विधवा राहते. दुपारीं एक वाजतां जेवणाचें ताट घेऊन टेलिव्हिजनसमोर बसावयाचें, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. छपरावरच्या अँटेनानें चित्र फुकट येई. घरांत इंटरनेट नाहीं. तें घ्यावयाचें तर दरमहा त्याचे पैसे निराळे, पीकॉकची वर्गणी निराळी. ही वर्गणी २०२२ सालीं महिन्यास सुमारें पांच डॉलर होती, २०२५ मध्यें सुमारें अकरा झाली. शिवाय परवलीचा शब्द लक्षांत ठेवा, यंत्र जोडा, बिघडलें तर कोणास तरी बोलवा. बहीण लिहिते कीं, पहिल्या सोमवारीं ती बाई सवयीनें ताट घेऊन बसली, आणि समोर बातम्या लागल्या. कंपनीच्या हिशेबांत अशी बाई कोणत्या रकान्यांत धरतात, हें मला समजून घ्यावयास आवडेल. इतक्या वर्षांच्या निष्ठेमुळेंच मालिका एवढी मोठी झाली होती, आणि नव्या घराच्या किल्ल्या देतांना नेमकी हीच मंडळी वगळली गेली.

तथापि इंटरनेटच्या पदरीं त्याचें पुण्य घातलेंच पाहिजे. टेलिव्हिजनवर ही मालिका किती दिवस तगली असती, याची शंका होती; नव्या घरांत तिला मुदतवाढ मिळाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत तिनें साठ वर्षें पुरीं केलीं. आठवड्यास पांच भागांचा नेम मोडला नाहीं, आणि २०१३ च्या अनुभवानंतर हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोकरी करणारी बाई आतां रात्रीं दहा वाजतां तो दिवसाचा भाग पाहते. पूर्वीं तिला तो मुकावाच लागे. जुन्या काळीं चित्रफिती पुन्हां वापरतां याव्यात म्हणून पुसून टाकीत; 'ऑल माय चिल्ड्रेन'च्या आरंभींच्या वर्षांचे पुष्कळ भाग असे नाहींसे झाले आहेत. आजचा भाग निदान पुसला जाणार नाहीं, अशी आशा करतां येते. आशाच म्हणतों, कारण जें कंपनीच्या कपाटांत आहे तें कंपनीच्या मर्जीनें आहे.

इतक्यांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. २४ फेब्रुवारी २०२५ रोजीं सीबीएसनें 'बियाँड द गेट्स' ही नवी दैनिक मालिका टेलिव्हिजनवर सुरू केली. मोठ्या प्रक्षेपण-कंपनीनें दुपारची नवी मालिका काढण्याची ही १९९९ नंतरची पहिलीच वेळ. वॉशिंग्टनजवळील एका सधन कृष्णवर्णीय घराण्याची ती कथा आहे. दुपारीं ती टेलिव्हिजनवर विनावर्गणी लागते, आणि 'पॅरामाउंट प्लस' या सेवेंत इंटरनेटवरही ठेवली जाते. बहिणीनें शेजारणीस ती लावून दिली. पहिले दोन आठवडे त्या बाईंनीं नाक मुरडलें. एकही माणूस ओळखीचा नाहीं, म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यांत त्यांनींच कुंपणापाशीं येऊन बहिणीला विचारलें कीं, काल तूं पाहिलेंस का.