कायद्याने मासा, पण शिजवा कोंबडीसारखा

अमेरिकेच्या कायद्यात ॲलिगेटर हा मासा आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत माशाची जी व्याख्या आहे, तीत बेडूक आणि पाणकासवाबरोबर ॲलिगेटरचाही नाव घेऊन समावेश केलेला आहे. २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपनीही एका भाविकाला पत्राने कळवले की, लेंटच्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य असले तरी ॲलिगेटर चालेल, कारण तो माशांत मोडतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा साबुदाणा उपवासाला आनंदाने खाणाऱ्या आपल्या लोकांना याचे फार नवल वाटू नये.

प्रश्न येतो तो स्वयंपाकघरात. मासा म्हटले की तो चटकन शिजतो, जरा कमी शिजला तरी बिघडत नाही, अशी आपली समजूत असते. ॲलिगेटर मात्र सरपटणारा प्राणी आहे, आणि जंतूंना कायद्यातील व्याख्या ठाऊक नसतात.

हे लिहिण्याचे कारण म्हणजे मुलांकडे सहा महिने राहायला निघालेले आईवडील. ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, फ्लोरिडा या भागांत मराठी घरे आता पुष्कळ आहेत. जाण्याआधी रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या लिहून घ्यायला आलेले रुग्ण दाराशी थांबून हळूच विचारतात, ‘डॉक्टर, मुलगा म्हणतो तिकडे मगरीचे मांस मिळते. खाल्ले तर चालेल का?’

मिळते, आणि राजरोस मिळते. लुइझियानात बेसुमार शिकारीमुळे ॲलिगेटर इतके घटले होते की १९६२ मध्ये शिकार बंद करावी लागली. संख्या सावरल्यावर १९७२ मध्ये ती नियंत्रित स्वरूपात पुन्हा सुरू झाली आणि १९८७ मध्ये हा प्राणी धोक्यातून बाहेर आल्याचे जाहीर झाले. आज तेथील पालनकेंद्रे दलदलीतील घरट्यांमधून परवान्याने अंडी गोळा करतात, पिल्ले वाढवतात आणि त्यातील ठरावीक हिस्सा पुन्हा दलदलीत सोडतात. खरा पैसा कातड्यात असतो, मांस हे जोडउत्पन्न. दुकानात ते बहुधा गोठवलेल्या पाकिटात येते. शेपटीचे मांस पांढरे, मऊ आणि महाग. पायांचे गडद आणि चिवट.

पाकीट घेताना ते पाळलेल्या प्राण्याचे आहे की रानातल्या, हे पाहा. ॲलिगेटर दीर्घायुषी शिकारी आहे. पाण्यातील पारा लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तेथून त्याच्या अंगात साठत जातो. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या ॲलिगेटरमध्ये पाऱ्याचे प्रमाण लक्षणीय आढळले आहे. हा पारा स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्याच भागात असतो. चरबी काढून, मसाल्यात मुरवून किंवा कितीही उकळून तो जात नाही. पालनकेंद्रातील प्राणी तयार खाद्यावर वाढतो आणि लहान वयातच कापला जातो, म्हणून तेथे ही चिंता बरीच कमी. गर्भवती सुनेने आणि लहान नातवंडांनी रानातल्या ॲलिगेटरच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चरबी मात्र काढावीच: उग्र वास तिच्यातच असतो आणि काही कीटकनाशकांचे अंशही तिच्यातच साठतात.

दुसरी गोष्ट साल्मोनेलाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे जंतू सुखाने राहतात, प्राण्याला काही होत नाही. कापताना ते मांसाला लागू शकतात. गोठवल्याने ते मरत नाहीत, नुसते थंड बसून राहतात. हळद, लिंबू, दही लावल्यानेही मरत नाहीत. तरुण माणूस दोन-चार दिवसांच्या जुलाबांवर सुटतो. पासष्टीचा मधुमेही, स्टेरॉइड घेणारा किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण कधी कधी रक्तात जंतू पसरून अतिदक्षता विभागात पोहोचतो.

म्हणून पाकीट रात्रभर फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवून वितळू द्यावे, ओट्यावर नाही. मटण नळाखाली खळखळून धुण्याची आपली सवय येथे सोडावी, कारण उडालेले थेंब शेजारच्या कोथिंबिरीवर बसतात. ज्या पाटावर हे कापले, त्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये.

तिकडे शेपटीचे तुकडे ताकात भिजवून, पिठात घोळवून तळतात. चव चांगली लागते म्हणे, पण यातच गोम आहे. शेपटीचे मांस जास्त शिजले की रबरासारखे होते, म्हणून बाहेरून तांबूस दिसताच तुकडे काढून घेण्याचा मोह होतो. मांसात खुपसायचा तापमापक तिकडे स्वस्तात मिळतो, तो घ्यावा. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस, म्हणजे १६५ फॅरनहाइट दिसले पाहिजे. कोंबडीला लावतात तीच ही मर्यादा. तुकडे लहान आणि एकसारखे असले तर हे सहज साधते. पायांच्या मांसाला तर आपला कुकर उत्तम: त्यात तापमान शंभर अंशांच्या वर जाते, चिवटपणा जातो आणि जंतूंचा प्रश्न उरत नाही. वाटणाचा रस्सा करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

तिसरी बाब फारशा कोणाला माहीत नसते. कोंबडीच्या मांसाची ॲलर्जी असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा मगरीचे मांस खाल्ल्यावर तीव्र प्रतिक्रिया आल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. पार्व्हाल्ब्युमिन नावाची प्रथिने मासे, बेडूक, कोंबडी आणि मगर अशा अनेकांच्या स्नायूंत थोड्याफार फरकाने सापडतात; शरीर एकाला शत्रू मानत असेल तर दुसऱ्यालाही मानू शकते. मासे किंवा कोंबडी खाऊन ज्यांचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, त्यांनी ‘एक तुकडा चाखून पाहतो’ असेही करू नये.

पथ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रथिनयुक्त, कमी चरबीचे मांस आहे, त्याहून अधिक काही नाही. दम्यावर, खोकल्यावर मगरीच्या मांसाचे सूप देण्याची प्रथा चीनमध्ये आहे. त्याला पटण्याजोगा वैद्यकीय पुरावा नाही. पंप सोडून सूपच्या मागे लागू नये.

आपल्याकडे ॲलिगेटर नाही. सांगलीच्या कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसते ती मगर वेगळी, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली. तिची शिकार आणि तिचे मांस बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. परतताना तिकडचे पाकीटही बॅगेत घालू नये.

खाल्ल्यानंतर तीन दिवसांच्या आत ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले, तर डॉक्टरांना काय खाल्ले ते नाव घेऊन सांगावे. अनेकजण संकोचाने ‘बाहेरचे काहीतरी’ एवढेच सांगतात, आणि विष्ठेची कल्चर तपासणी दोन दिवस उशिरा होते.