जुलाब झाले? मग पाणी थांबवू नका!



भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरून उत्तनच्या बसमध्ये बसलात, की वाटेत मुर्धा, राई आणि मोरवा ही गावं लागतात. हा सगळा भाग खाडीचा, तिवरांचा आणि मिठागरांचा. भरतीचं पाणी बांध घातलेल्या चौकोनी शेतांत घ्यायचं, ऊन आणि वारा त्यातलं पाणी उडवून नेतात आणि खाली राहतं मीठ! इथल्या आगरी माणसांनी पिढ्यान् पिढ्या असं मीठ पिकवलं.

आज मी तुम्हांला याच मिठाची एक गोष्ट सांगणार आहे. पण ही गोष्ट स्वयंपाकघरातली नाही, आजारपणातली आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. (त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर तो माझ्याशी कट्टी करील!) शाळा सुटल्यावर मी मोरव्याला त्याच्या घरी गेले. एरवी वर्गात क्षणभर गप्प न बसणारा हा पोरगा चटईवर निपचित पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मला बघून त्याला रडू आलं. पण डोळ्यांतून पाणीच आलं नाही.

“जुलाब होतायत, बाई,” त्याची आजी म्हणाली. “पानी दिला का लगेच भायेर जातंय. म्हनून पानीच बंद केलंय.”

माझ्या पोटात धस्स झालं. आम्ही त्याला तसाच उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी तपासलं आणि एक पुडी पाण्यात कालवून त्याला चमचा-चमचा पाजायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याला लघवी झाली. रात्री तो म्हणाला, “आजी, भूक लागली.” आणखी थोडा उशीर झाला असता तर? तो विचार मला अजूनही नकोसा वाटतो.

आता सांगा बघू, आजीचं चुकलं कुठे?

नळ गळत असला, तर टाकी भरणं बंद करून चालेल का? टाकी तर रिकामीच होईल! जुलाबांत शरीरातलं पाणी आणि त्याबरोबर क्षार बाहेर जातात. पाणी बंद केलं म्हणून जुलाब थांबत नाहीत. शरीर मात्र कोरडं पडतं. जुलाबांत मूल दगावतं, ते बहुतेक वेळा या कोरडेपणामुळेच.

मग नुसतं पाणी प्यायलं तर? तेही पुरत नाही, कारण गेलेले क्षार त्यातून परत मिळत नाहीत. आणि इथेच एक गंमत आहे, बरं का! आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात अगदी बारीक दारं असतात. मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज हातात हात घालून आले, की ही दारं त्या दोघांना आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत शिरतं. जुलाब चालू असतानासुद्धा हे दार सहसा बंद पडत नाही. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1960 साली ही जोडगोळी जगासमोर मांडली.

तिचा खरा पराक्रम दिसला तो 1971 साली. बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित भारतात आले होते. बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्यांनी पाजायला सांगितलं. आधी शंभरांतले तीसएक रुग्ण दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर तो आकडा चाराच्याही खाली आला! डॉ. महालनबीस 2022 साली वारले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 ते 1990 या दहा वर्षांत गावोगावी, घरोघरी हिंडल्या. मीठ, गूळ आणि पाणी यांचं मिश्रण कसं करायचं हे त्यांनी एक कोटीहून जास्त घरांत शिकवलं. गूळ आणि पाणी! उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपणही हेच ठेवत आलोय, नाही का?

या मिश्रणाला मराठीत फार सुंदर नाव आहे : जलसंजीवनी. दुकानात ती ओआरएस म्हणून मिळते. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे तिची पुडी मोफत मिळते. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम कालवायची. खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जास्त साखरेमुळे जुलाब उलट वाढतात.

पुडी नसेल, तर घरी अशी करा :

• उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी घ्या.
• त्यात चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा शीग लावून भरू नका.
• साखर-मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं, तर ते ओतून टाका आणि पुन्हा करा.
• झाकून ठेवा. 24 तासांनंतर उरलेलं फेकून द्या.

जास्त मीठ म्हणजे जास्त गुण, असं समजू नका हं! समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते प्यायलं तर तहान वाढते, शरीर आणखी कोरडं पडतं. जलसंजीवनीच्या पुडीत लिटरमागे मीठ असतं फक्त 2.6 ग्रॅम. सगळी करामत मापात आहे.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा सुरू करावं. अंगावरचं दूध थांबवू नये. मऊ भात, वरण, केळं असं साधं खाणंही चालू ठेवावं.

पालकहो, बहुतेक साधे जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. म्हणून दुकानातून मनाने जुलाब थांबवायच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक आणू नका. डॉक्टर मुलांना झिंक देतात, ते मात्र सांगतील तितके दिवस पूर्ण द्या. आणि शौचात रक्त दिसलं, उलट्या थांबत नसल्या, खूप ताप असला, सहा तासांत लघवी झाली नाही, मूल पाणी पिईना किंवा गुंगीत गेलं, तर घरगुती उपायांवर विसंबू नका. जलसंजीवनी पाजत पाजत ताबडतोब दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर वाटच पाहू नका.

आणि जुलाब होऊच नयेत म्हणून? जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवायचे. एवढं तर तुम्हांला येतंच!

हो, एक सांगायचं राहिलं. आठवड्याभराने आमची स्वारी शाळेत आली, आजीचं बोट धरून. आजी म्हणाली, “बाई, मी मिठागरावर काम केलंय. मे महिन्यात घाम निथलायचा. दुपारी मीठ घातलेली पेज प्यायलो का अंगात जीव यायचा. हे म्हाईत होतं मना. मंग पोराला कशी नाय दिली?”

मी म्हटलं, “आजी, आता सगळ्या वर्गाला सांगा.” आणि त्या दिवशी चौथीचा तास आजींनी घेतला. जलसंजीवनी कालवली ती मात्र आमच्या पठ्ठ्याने! चमचा सपाट करताना त्याने जीभ बाहेर काढून असं काही लक्ष लावलं होतं, की गणितात लावलं तर पैकीच्या पैकी मार्क मिळतील.

मग तुम्ही कधी करून बघणार? या रविवारी आईबाबांसमोर एकदा जलसंजीवनी करा. चव सगळ्यांनी घ्या. माप एका कागदावर लिहा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवून टाका. ते कधी लागूच नये. पण लागलंच, तर शोधत बसायला नको!

तुमच्या बाई