जुन्या डिस्कवरून एसएसडीवर

एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, फ्लॅश मेमरीच्या चिपांवर माहिती साठवणारी डिस्क. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, बाजारात ती घ्यायला जाण्यापूर्वी संगणकातील जोडणी पाहणे आवश्यक असते.

जोडणी : साटा जोडणीची कमाल क्षमता सेकंदाला 6 गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 550 मेगाबाइट असते, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई मानकाच्या डिस्क याहून कित्येक पटींनी वेगवान असतात. सर्वाधिक गोंधळ होतो तो एम-2 या नावामुळे, कारण ते वेगाचे नव्हे तर आकाराचे नाव आहे. पट्टीवरील 2280 म्हणजे 22 मिमी रुंदी व 80 मिमी लांबी, आणि अशी पट्टी साटा किंवा एनव्हीएमई यांपैकी कोणतीही असू शकते. ती खाचेत तिरकी सरकवून, हलकेच खाली दाबून एका बारीक स्क्रूने बसवतात.

क्लोनिंग : केवळ फाइली कॉपी केल्याने नव्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही, कारण बूट फाइली एरवी न दिसणाऱ्या ईएफआय विभागात असतात, क्लोनिंगमध्ये असे सर्व विभाग जसेच्या तसे उतरतात. विंडोजमधील बिटलॉकर या सुविधेने कुलूपबंद केलेल्या डिस्कसाठी 48 अंकी रिकव्हरी की आधीच जपून ठेवावी लागते.

विंडोज 10 : नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा यंत्रणा लागते, संगणकात ती नसल्यास ती उणीव डिस्क बदलून भरून निघत नाही.