लेखकांचा संप आणि विनोदाचा छोटा निर्माता

जयपूरसारख्या शहरात विनोदी कार्यक्रम तयार करणारी संस्था म्हणजे बहुधा चार-पाच जणांचा चमू. संहिता लिहिणारा, ती सादर करणारा आणि पैसा उभा करणारा अनेकदा एकच असतो. लेखकांचा संप हा मुंबईचा किंवा अमेरिकेचा प्रश्न, असे अशा निर्मात्याला वाटणे स्वाभाविक आहे. यापूर्वीच्या संपांचा अनुभव मात्र काही वेगळे सांगतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील चित्रपट व दूरचित्रवाणी कामगारांच्या महासंघाने मोबदल्याच्या प्रश्नावर काम थांबवले. लेखकांची संघटनाही या महासंघाशी संलग्न होती. तेव्हा खासगी वाहिन्यांनी मालिकांचे जुने भाग पुन्हा दाखवून वेळ निभावली. हा मार्ग मोठ्या वाहिनीसाठी खुला असतो, कारण तिच्याकडे जुन्या भागांचा साठा असतो. छोट्या निर्मात्याकडे तो नसतो. शिवाय चालू घडामोडींवरचा विनोद आठवडाभरात शिळा होतो. तो आधी लिहून ठेवता येत नाही आणि नंतर दाखवण्यात अर्थ उरत नाही.

अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ या काळात सुमारे १२ हजार लेखक संपावर होते. इंटरनेटवरील वापराचा मोबदला मिळावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. सर्वप्रथम बंद पडले ते रात्रीचे विनोदी कार्यक्रम. त्यातूनच एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. डेव्हिड लेटरमन यांचा कार्यक्रम वाहिनीच्या नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या मालकीचा होता. या कंपनीने डिसेंबर २००७ च्या अखेरीस लेखक संघटनेशी स्वतंत्र अंतरिम करार केला आणि २ जानेवारी २००८ रोजी लेटरमन आपल्या लेखकांसह परतले.

त्याच रात्री प्रतिस्पर्धी जे लेनोही परतले, पण लेखकांविना. त्यांनी आपले प्रास्ताविक विनोद स्वतःच लिहिले. लेनो हे लेखक संघटनेचे सभासद असल्याने वाद उद्भवला. सभासदाने स्वतःसाठी लिहिणे म्हणजे संप मोडणे होय काय, असा तो प्रश्न होता. जयपूरच्या चमूला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. शहराच्या ब्रह्मपुरी भागात भट्ट घराण्याने जपलेल्या तमाशातही (महाराष्ट्रातील तमाशाहून हा संगीत खेळ निराळा) गाणारा आणि खेळ उभा करणारा एकाच घरचा असतो. तेथे संप पुकारायचा तो कोणाविरुद्ध?

लेटरमन यांना करार करता आला, कारण समोर एक संघटना आणि एक ठरलेला मसुदा होता. भारतात मुंबईतील पटकथालेखकांच्या संघटनेचे सभासदत्व जयपूरच्या लेखकालाही घेता येते. परंतु सर्व निर्मात्यांना बांधून ठेवणारा किमान मोबदल्याचा करार येथे नाही. परिणामी छोटा निर्माता संपकऱ्यांच्या मागण्या मान्य करण्यास तयार असला, तरी सही करण्यासाठी त्याच्यापुढे कागद नसतो. लेखकाशी जे काही ठरते, ते दोघांतच.

कायद्याने मात्र एक गोष्ट आधीच ठरवून दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार, चित्रफितीचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाल्यास तिच्यातील लेखनासाठी स्वामित्वधनाचा समान वाटा लेखकाकडे राहतो. हा हक्क निर्मात्याला देऊन टाकणारा करार रद्दबातल ठरतो, मग तो निर्माता मुंबईची मोठी कंपनी असो वा जयपूरचा चार जणांचा चमू.