एक्सरचे वीर कोणाच्या बाजूचे?

बोरिवली पश्चिमेच्या एक्सरमध्ये, हल्ली मेट्रो २अ जिथून धावते त्या उपनगरात, उंच वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, एक रांग आहे. त्यांतल्या काहींवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे! डोलकाठ्या उभारलेली, दोन्ही अंगांना वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं शत्रूवर चालून जातात. वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. समुद्रावरच्या लढाईचे मात्र फार दुर्मीळ.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाशी झुंज आणि मृत्यू, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणखी वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. हा लढला कशासाठी, असं एकही चौकट विचारत नाही. गाईगुरं वाचवताना पडलेल्यांचे वीरगळ आपल्याकडे पुष्कळ आहेत; पण गुरं पळवायला आलेल्यांतही धन्याच्या शब्दाखातर जीव देणारे असणारच.

युरोपीय धाटणीच्या चिलखती नाइटांच्या अद्भुतकथा नेमक्या याच प्रश्नाशी झगडतात. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्यांत जेमी लॅनिस्टर राजाच्या रक्षणाची शपथ घेतो. राजा वेडाच्या भरात अख्खं शहर जाळायला निघतो, तेव्हा जेमी त्यालाच मारतो. शहर वाचतं, आणि जेमीच्या नावाला राजहत्येचा डाग कायमचा चिकटतो. शपथ मोठी की माणसं? वीरगळावर जेमीला जागा मिळाली असती का? मला नाही वाटत.

एक्सरची लढाई कुठली, यावरही वाद आहे. काही अभ्यासक हे दगड तेराव्या शतकाहून जुने मानतात. रूढ समजुतीप्रमाणे मात्र ती १२६५च्या सुमाराची: देवगिरीचा यादव राजा महादेव विरुद्ध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर. सोमेश्वर समुद्रात बुडाला. हेमाद्रीच्या लेखी, महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला अग्नी, वडवानल, बरा वाटला. पण हेमाद्री यादवांचाच मंत्री! हरलेल्या राजाची हकिगत आपल्यापर्यंत आली ती जेत्याच्या दरबारातून.

आणि दगडांवर नावं सांगणारा, वाचता येईल असा लेखही नाही. एवढं कोरीवकाम करवून घ्यायला पैसा लागतो, आणि लढाईनंतर कोकणचा खजिना यादवांच्या हाती होता. म्हणून हे वीर यादवांचे असावेत, असा माझा कल आहे. तसं असेल तर ती डौलदार जहाजं सोमेश्वराला बुडवायला निघालेली आहेत.