परसातील जुना काजू

पेडणे-डिचोलीकडे काजू इतका घरचा झाला आहे की, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेला तो ब्राझीलचा पाहुणा होय, याचा आपणांस विसर पडतो. परसातले टपोऱ्या बियांचे, गोड बोंडांचे जुने झाड वठू लागले की घरची माणसे त्याचीच बी पेरतात. तेथेच फसगत होते. काजूत परपरागीभवन होत असल्याने बीचे झाड आईच्या गुणांवर जाईलच, असा भरवसा नसतो.

म्हणून बी टाकून द्यावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्याच हंगामातील, पाण्यात बुडणारी जड बी दिवसभर भिजवावी व देठाकडील बाजू वर ठेवून पिशवीत दोन बोटे खोल लावावी. रोप दीड-दोन महिन्यांचे झाले म्हणजे त्याच्याच जाडीची जुन्या झाडाची काडी आणून जाणत्या हातांकडून कलम बांधवून घ्यावे. जुने गोवे येथील संशोधन संस्थेने १९९९ साली प्रसृत केलेली 'गोवा-१' ही जातही बाळ्ळी येथील निवडक काजूचीच. तिचा वंश कलमांनीच चालतो.

तेव्हा वाचकहो, झाड उभे आहे तोवरच काडी घ्या. सरपणाला कलम बांधता येत नाही.